हात शेकणारा माणूस

नवीन लिहिणाऱ्यांच्या शिबिराला मला कुणी बोलावलं, की जेवणाच्या सुट्टीआधी एक प्रश्न हमखास येतो. नायक वाईट असूनही वाचकाने त्याच्यावर जीव टाकावा, यासाठी काय करायचं? विचारणाऱ्याच्या हातात पेन तयारच असतं. मग मी फळ्याकडे वळते आणि ठरलेल्या गोष्टी लिहिते. त्याला काहीतरी मनापासून हवं असू द्या. त्याचा गुन्हा खरा असू द्या, लुटुपुटूचा नको. त्याची वकिली करत बसू नका. पोरं भराभर उतरवून घेतात, आयोजक शाल-नारळ देतात आणि मी एस.टी.त बसून घरी येते.

त्यात खोटं काही नसतं. पण ते मला कसं कळलं, हे त्या फळ्यावर मावत नाही. आणि खरं सांगू? त्या पोरांचा मला रागच येतो. त्यांना वाटतं ही एक हातोटी आहे, भाकरी थापण्यासारखी, एकदा जमली की जमली. माझ्या घरात मात्र त्या हातोटीने एक माणूस कायमचा बाजूला बसवला. तो माझा मोठा भाऊ.

आमचं गाव वैनगंगेच्या अलीकडे, मूलच्या बाजूचं. धानाचा मुलूख. दिवाळीनंतर धान कापून झाला की आमच्याकडे मंडई नावाची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचा पट होतो आणि रात्रभर नाटक चालतं. नाटक नुसतं बघायला कुणी येत नाही. लेकीबाळी माहेरी येतात, व्याही-विहिणी येतात, ज्यांच्या घरी लग्नाची मुलं-मुली आहेत ते तर आवर्जून येतात. नाटकाच्या निमित्ताने पाहुण्याच्या घरचा चहा होतो आणि चहाच्या निमित्ताने सोयरिकीची गोष्ट निघते. झाडीपट्टीतली, म्हणजे आमच्या या मुलखातली, अर्धी लग्नं अशी नाटकाच्या मांडवात सुरू झालेली आहेत.

माझ्या भावाचं तिथेच बिघडलं. तो आमच्या नाटक मंडळाचा खलनायक होता.

हे काम त्याने मागून घेतलं नव्हतं. तो गावच्या राईसमिलमध्ये हलर, म्हणजे धान भरडायचं मशीन, चालवायचा. हलर सुरू असला की शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. वर्षानुवर्षं ओरडून त्याचा आवाज असा झाला होता, की त्याने जेवताना मीठ मागितलं तरी शेजारची बाई दचकायची. मंडळाकडे माईक एकच, तोही मध्येच रुसणारा. ज्याचा आवाज बिनमाईकचा शेवटच्या रांगेपर्यंत जातो त्याला खलनायक करायचं, हे ठरून गेल्यासारखंच झालं. त्यात भुवया जाड, अंगाने उंच. एकदा त्याला तलवारकट मिशी लावली ती लावलीच.

घरी हाच माणूस मायची वेणी घालायचा. मायचा हात मोडला होता आणि मी तेव्हा बाहेरगावी शिक्षिकेचं शिकत होते. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. मग रोज सकाळी मिलमध्ये जाण्याआधी तो मायला पायरीवर बसवायचा, तेल लावायचा, भांग पाडायचा आणि माझ्यापेक्षा बरी वेणी घालून द्यायचा. माय कौतुकाने साऱ्या गल्लीला दाखवत फिरायची.

एका वर्षी नाटकात त्याने गरोदर बायकोला लाथ मारली. लागलीच गावचा आठवडी बाजार होता. मी त्याच्यासोबत होते. कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या म्हातारीने त्याला पाहिलं आणि तराजू खाली ठेवला.

"चाल, निंग इथून. बायकोले लाथा मारते अन् वांगे पायजे."

"वो बाई, नाटक होतं ते," भाऊ म्हणाला.

"मले नोको शिकवू नाटक. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

आसपासची माणसं पोट धरून हसली. भाऊही हसला. मी त्या वेळी नव्यानेच गावच्या शाळेत लागले होते, मीही हसले. वांगी दुसरीकडून घेतली.

मग हळूहळू हसणं बंद झालं. पहिला नकार आला तो जवळच्याच गावातून. मुलीकडच्यांनी कारण सांगितलं नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, पण आडवळणाने. मुलीची आजी म्हणे भावाला बघून देवघरात जाऊन बसली. तो तिशी ओलांडून गेला. त्याच्यामागून मिलमध्ये लागलेल्यांची पोरं शाळेत माझ्याच वर्गात येऊन बसली.

आणि मग वैनगंगेपलीकडची, चामोर्शीकडची मुलगी आली. आमच्या जिल्ह्याचे नुकतेच दोन जिल्हे होऊन नदीपलीकडचा भाग वेगळा निघाला होता, म्हणून परजिल्ह्यातली सोयरीक अशी थट्टाही झाली. मायचा एक लांबचा भाऊ होता, आम्ही त्याला मामा म्हणायचो, त्याने ही गोष्ट काढली. आम्ही बघायला गेलो. मुलगी चहा घेऊन आली आणि तिने मान खाली न घालता सरळ विचारलं, "तुमी नाटकात काम करता नं?"

भावाने आवाज काढायला घाबरून इतक्या हळू हो म्हटलं, की ओठ हललेले तेवढे दिसले.

"आइकू नाई आलं," ती म्हणाली.

तो पुन्हा तसाच पुटपुटला. ती खुदकन हसली. सगळेच हसले. परतीच्या एस.टी.त तो खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि मध्येच वळून मला विचारत होता, "हसली नं पण ते? चांगली हसली नं?" माझ्या भावाला इतकं आनंदात मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

नकार मामाच घेऊन आला. मुलीच्या वडिलांची एक बहीण आमच्याच गावात दिली होती, त्यामुळे ते दरवर्षी मंडईला येत आणि भावाची सगळी नाटकं त्यांनी पाहिलेली. मामाने त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "नाटक हाये हे आमाले बी समजते. आमी का अडाणी हाओ का? पण आतमंदी काही असल्याबिगर इतकं बरोबर कसं जमन?"

वेडगळ माणसाला समजावता येतं. हा तर विचार करून बोलणारा माणूस होता.

भावाने नाटक सोडलं. त्या वर्षी मंडळाने दुसऱ्याला खलनायक केलं. त्या नव्याचं काम पडलं, आणि लोक भावाबद्दल म्हणू लागले, याने एकाएकी नाटक काऊन सोडलं? नक्की काहीतरी भानगड असणार. म्हणजे नाटकात होता तेव्हा तो नाटकातला वाईट माणूस होता, सोडल्यावर खरा झाला. मिलमध्ये धान घेऊन येणाऱ्या बायका थोड्या लांब उभ्या राहू लागल्या. तो घरी येऊन जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. मोहाच्या दारूची चव त्याला कधी माहीत नव्हती, ती झाली.

एका संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते. तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"बाई, एक सांग. मी माणूस हाओ का नाई?"

तो मला लहानपणापासून बाई म्हणायचा. मी काय बोलले ते आठवत नाही. त्याचे डोळे तेवढे आठवतात. वाहत्या नदीत उभ्या गुरासारखे दिसत होते, काठ दिसतोय पण पाय उचलत नाही असे.

त्याच रात्री मी ठरवलं की नाटक मी लिहायचं. चामोर्शीकडच्या मुलीचं अजून कुठे जमलं नव्हतं, ते येत्या हंगामात जमवणार होते. मुलीचे वडील मंडईला येणारच होते. भाऊ नाटक सोडून सुटणार नव्हता, हे दिसलंच होतं. आता त्याच मांडवात, त्याच माणसासमोर, त्याला असा उभा करायचा की बघणाऱ्याने म्हणावं, अरे, हा तर आपला माणूस! माझ्याकडे पावसाळ्याचे महिने होते आणि शाळेच्या नाटुकल्यांपलीकडे मी काही लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या खर्ड्यात मी भावाला धुतल्या तांदळासारखा केला. लोक त्याला उगाच वाईट समजतात, शेवटी सत्य बाहेर येतं, सगळे त्याच्या पाया पडतात. आमच्या मंडळाचं दिग्दर्शन गावचे पोस्टमनभाऊ करायचे. टपाल वाटून झालं की सायकल शाळेला टेकवून ते व्हरांड्यात बसायचे. त्यांनी सगळं वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, ह्याच्यात व्हिलन कुठी हाये?"

"नाहीच आहे. तेच तर दाखवायचं आहे."

"मंग लोकं कायच्यासाठी बसतीन सकायपावतो?"

भावाला दाखवलं तर तो आणखी पुढे गेला. पानं उलटून म्हणाला, "हा तं मीच हाओ. माह्यावर कोण नाटक पाहीन?"

दुसऱ्या खर्ड्यात मी त्याला गुन्हा दिला आणि शेवटी लांबलचक पश्चात्ताप दिला. तो सगळ्यांसमोर गुडघे टेकतो, कपाळ बडवतो, चुकलो चुकलो म्हणतो. लिहिताना मी स्वतः रडले होते, त्यामुळे मला वाटलं जमलं. पोस्टमनभाऊंनी ते पानच आडवी रेघ मारून कापलं.

"तो रडला का लोकं रडत नाई, बाई. त्याचं रडणं त्याईच्यासाठी ठेवा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण तेव्हा मला त्यांचा गळा धरावासा वाटला. गणपती येऊन गेले, धान पोटरीला आला, आणि माझ्याकडे नाटक नव्हतं. भाऊ रोज विचारायचा नाही, फक्त माझ्या हातातल्या कागदांकडे बघायचा.

मग एक दिवस शेजारच्या गावाहून परतताना पहिल्या नकारवाल्यांच्या बांधावरून गेले. त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं आणि जावई आलेला होता. गॉगल लावून बांधावर उभा. तो बायकोला मारतो हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. तिच्या दंडावरचे वळ मी स्वतः विहिरीवर पाहिले होते. पण तो नाटकात काम करत नव्हता! सासरा त्याच्या पुढे-पुढे करत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यांचा धान अजून हिरवा उभा होता, पण मी मनातल्या मनात तो कापला, पेंढ्या बांधल्या, त्यांचं पुंजणं रचलं आणि पेटवून दिलं.

पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाच्या भाऱ्यांची गोल रचलेली रास. मळणी होईपर्यंत ती शेतात उभी असते आणि घराचं सगळं वर्ष त्यात असतं. कुणाचं पुंजणं जाळणं याला आमच्याकडे माफी नाही. खून करणाऱ्याशी लोक पुन्हा बोलतात, पुंजणं जाळणाऱ्याशी नाही. आणि मी, गावची गरीब मास्तरीणबाई, बांधावर उभी राहून ते जळताना बघत होते. मला फार बरं वाटत होतं.

घरी आले आणि लिहायला बसले. आता नायक माझ्या भावासारखा नव्हता. तो माझ्यासारखा होता.

एका माणसाची बायको अडते, बाळ आडवं आलेलं असतं. शेजाऱ्याकडे पटाचे बैल आहेत, तेल लावून, खाऊपिऊ घालून शर्यतीसाठी ठेवलेले. हा तिला दवाखान्यात न्यायला बंडीसाठी, म्हणजे बैलगाडीसाठी, बैल मागतो. शेजारी म्हणतो, पटाचे बैल बंडीला जुंपत नाहीत, त्यांचे पाय आखडतात. बाईला खाटेवर घालून खांद्यावरून नेतात, ती वाटेतच जाते. हा एक शब्द बोलत नाही. तिची माती आवरतो, येतो आणि शेजाऱ्याचं पुंजणं पेटवतो. त्या वर्षी शेजाऱ्याची लेकरं उपाशी पडतात. तेव्हा त्यांच्या दाराशी कुणीतरी गुपचूप तांदूळ ठेवून जातं. शेवटी शेजाऱ्याला कळतं की ठेवणारा कोण आणि जाळणाराही कोण. तो विचारतो, काऊन केलंस? हा म्हणतो, "जाळलं मीच. लेकरं तुही उपाशी होती, त्यात चुकी तुही बी अन् माही बी, त्याईची तं नाईच नाई. पण बैल पुन्हा नाई देशीन तं पुन्हा जाळीन." आणि पडदा.

पोस्टमनभाऊंनी वाचून कागद नीट जुळवले. मग उठून सायकलची घंटी उगाच वाजवली आणि म्हणाले, "तालमीले लागा."

तालीम शाळेच्या व्हरांड्यात व्हायची. चावी माझ्याकडेच असायची आणि वाचकही मीच होते, म्हणजे विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवणारी. आगीसाठी लाल कागदामागे बल्ब लावला होता. पुंजणं पेटवून भावाने पळून जायचं, एवढंच मी लिहिलं होतं. पहिल्याच तालमीत तो पळाला नाही. थंडी पडली होती. तो त्या बल्बसमोर उभा राहिला, दोन्ही तळहात पुढे केले आणि शांतपणे हात शेकू लागला. जसं कुणीही शेकोटीपाशी शेकतं तसं.

"हे ठेवा," पोस्टमनभाऊ म्हणाले.

मला ते भयंकर वाटलं. लेखिका म्हणून मला कळत होतं की त्या दोन हातांमुळे तो माणूस जिवंत झाला. बहीण म्हणून वाटत होतं की हे नको. तांदूळ ठेवण्याचा प्रवेश आहे, बायकोची खाट उचलण्याचा आहे, तेवढ्यावर लोक त्याला माफ करतील, हात कशाला शेकायचे? मी भावाला घरी विचारलं.

"राहू दे बाई," तो म्हणाला. "मले ते करताना बरं वाटलं."

नाटक झालं. त्या मांडवाबद्दल मी थोडंच सांगते, कारण मी विंगेतून एकाच माणसाकडे बघत होते. मुलीचे वडील पुढच्या रांगेत घोंगडं पांघरून बसले होते. खाट उचलली तेव्हा त्यांनी घोंगड्याच्या टोकाने डोळे पुसले. हात शेकले तेव्हा सगळ्या मांडवातून एकच श्वास ऐकू आला. शेवटचं वाक्य झालं तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं, बायका हुंदके देत होत्या, आणि आमच्या गावच्या पटाच्या बैलांचा खरा मालक उठून मांडवाबाहेर निघून गेला. पडदा पडल्यावर माणसं स्टेजमागे घुसली. मुलीचे वडीलही आले. त्यांनी माझ्या भावाचे दोन्ही हात हातात घेतले.

"लय रडवलं तुमी आमाले, भाऊ," ते म्हणाले.

आणि त्यांनी ते हात उलटे करून तळवे पाहिले. मला वाटलं मायेने पाहताहेत.

आम्ही घरी आलो तेव्हा माय दारात उभी होती. भावाने मिशी काढली, आंघोळ केली आणि जाऊन सरळ मायची वेणी घालायला बसला, तिचा हात केव्हाच बरा झाला होता तरी. पुढचे दिवस तो मोहाकडे फिरकला नाही. वडशाहून आणलेला नवा सदरा त्याने घडी मोडून खुंटीवर लावून ठेवला, बोलावणं आलं तर असावा म्हणून. मिलमध्ये बायका आता लांब उभ्या राहत नव्हत्या. जवळ येऊन त्याला बघायच्या. मला वाटलं, जिंकलो.

मामा आला तो दुपारी. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि कुणाकडे न बघता बोलला. भाऊ आतल्या खोलीत होता. मामाला ते ठाऊक होतं, पण त्याला हळू बोलता येत नव्हतं की त्याने मुद्दामच मोठ्याने सांगितलं, मला अजून उमगलेलं नाही.

"मानते तो तुमच्या पोराले. माणूस लाखाचा हाये म्हणते. त्याच्या जाग्यावर मी असतो तं मी बी जाळलं असतं म्हणते."

"मग?" मी विचारलं.

"पण पोरगी नाई देत म्हणते. राग आला तं पुंजणं जाळन म्हणते. अन् नुसतं जाळलं असतं तं एखादवेळ. हात शेकत उभा होता नं तो. त्याच्या घरी पोरगी कशी देवाव?"

माय म्हणाली, "अरे पण नाटक होतं रे ते!"

"समजते हो त्याईले, अक्का. सगळं समजते."

आत काही हाललं नाही. मी उठून गेले तर मागचं दार उघडं होतं. थोड्या वेळाने मिलमधून हलरचा आवाज सुरू झाला. त्या दिवशी मिलला सुट्टी होती. हलरमध्ये धान असला की त्याचा आवाज जड असतो, भरलेला. हा नुसता पत्रा थडथडल्यासारखा पातळ येत होता. माझा भाऊ रिकामा हलर चालवत होता. मी धावत गेले. दाराला आतून कडी होती. मी दार बडवलं, हाका मारल्या, पण त्या आवाजात मलाच माझी हाक ऐकू येत नव्हती. आतलं काही बाहेर ऐकू जाऊ नये म्हणूनच त्याने हलर सुरू केला होता, हे मला कळलं आणि मी दार बडवायची थांबले. मिलच्या भिंतीला पाठ लावून, कोंड्याच्या ढिगाशेजारी बसून राहिले, अंधार पडून मशीन थांबेपर्यंत.

राग माझा होता. बांधावर उभी राहून मी पेटवलं होतं. पण कुठल्याही घराने माझ्याकडे संशयाने पाहिलं नाही. उलट पुढच्याच वर्षी माझं लग्न ठरलं, चांगल्या घरी. सासरी मला सगळे शांत स्वभावाची म्हणतात.

त्या मुलीला वरोऱ्याकडे दिलं. भाऊ नाटकात परत गेला. आता सोडून काय उपयोग होता? नाटकाला खूप मागणी आली. सिंदेवाही, वडसा, नदीपलीकडची गावं, एकदा तर गडचांदूरला सिमेंटवाल्यांच्या वसाहतीतही प्रयोग झाला. तिथे धान पिकत नाही, तरी लोक रडले. दरवर्षी कापणी झाली की भावाला बोलावणी येत. लोक त्याला घरी नेऊन जेवू घालत, त्याच्या ताटात वाढून शेजारी बसत आणि त्याची बायको खरीच गेल्यासारखे हळहळत. त्या घरांत लग्नाच्या मुली असत. त्या पाणी आणून देत आणि आत जात. तो त्यांच्याकडे बघत नसे. त्याला सगळ्यांनी माफ केलं होतं आणि कुणी जवळ केलं नव्हतं. असा माणूस कसा जगतो, हे मी जवळून पाहिलं. कथेत असलं लिहिलं की वाचक वा म्हणतात.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी माहेरी आले होते आणि आम्ही दोघं बाजाराला गेलो. भावाच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. मिशी नाही, रंग नाही, हातात पिशवी. कोपऱ्यावरची ती भाजीवाली म्हातारी अजून बसत होती, जिने त्याला वांगी नाकारली होती. आम्ही तिच्यापाशी थांबलो. तिने वर पाहिलं, तराजू खाली ठेवला आणि त्याचा हात धरला.

"बाबू," ती म्हणाली, "काऊन केलंस रे तू तसं? लेकराबाळाईचं अन्न होतं रे ते."

भाऊ थांबला. बोलायचं वाक्य मला ठाऊक होतं आणि सवयीने ते माझ्या ओठांवरही आलं. बाई, नाटक होतं ते. विंगेत बसून मी त्याला वाक्यं दिली होती, हेही देणार होते.

"चुकलो माय," तो म्हणाला.

अगदी हळू म्हणाला, पण नीट ऐकू आलं. संहितेत हे वाक्य नव्हतं. पोस्टमनभाऊंनी ते कापलं होतं आणि मी कापू दिलं होतं, कारण तो रडला की लोक रडत नाहीत. म्हातारीने त्याच्या गालावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "जाऊ दे. झालं ते झालं." मग तिने त्याची पिशवी ओढून घेतली आणि निवडून निवडून वांगी भरायला लागली. तिच्यासमोर वाकून उभ्या भावाचा चेहरा इतका मोकळा दिसत होता की वर्षानुवर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. मला उभं राहवलं नाही. मी तिथेच, भाजीच्या पाल्यात खाली बसले आणि भरबाजारात रडले.